एकट्याचा ब्लॅक मेटल, तोही नाशिकमध्ये

ऑफिसात एकालाच सांगितलंय की माझा एक ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटलच्या किंचाळणाऱ्या, खरखरीत प्रकारातला, बँड आहे, तर त्याने पहिला प्रश्न विचारला, मग बाकीचे कुठे असतात? बाकीचे नाहीतच. गिटार मी, बास मी, ड्रम कॉम्प्युटरवर एकेक ठोका बसवून मीच केलेले, किंचाळणारा मी, कव्हरचा फोटो मी काढलेला आणि पार्सल घेऊन पोस्टाच्या रांगेत उभा राहणारा पण मीच. त्याला वाटलं मी फेकतोय.

पण या म्युझिकमध्ये एकांडे लोक सुरुवातीपासून आहेत. ब्लॅक मेटल हे नाव आलं इंग्लंडच्या व्हेनम बँडच्या १९८२च्या अल्बमवरून, पण आज आपण ज्याला ब्लॅक मेटल म्हणतो तो आवाज नव्वदच्या सुरुवातीला नॉर्वेत घडला, आणि त्याच्याही आधी स्वीडनमध्ये बाथरी होता जो बराच काळ म्हणजे फक्त क्वॉर्थन नावाचा एक माणूस. डार्कथ्रोनच्या १९९४च्या अल्बमवर सगळी वाद्यं एकट्या फेनरिझने घरच्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर वाजवलीत, दुसऱ्याने फक्त आवाज दिला. कॅलिफोर्नियाचा झॅस्थर, तो पण एकच माणूस. त्यामुळे सिडकोतल्या एका बेडरूममध्ये दार लावून हे करणारा मी काही वेगळं करत नव्हतो, फक्त त्यांच्याकडे शेजारी कमी होते.

प्रोजेक्टचं नाव इथे देत नाहीये. एक तर घरचे शोधतील, आणि दुसरं कारण पुढे येईलच.

एकट्याने का, तर खरं सांगायचं म्हणजे आधी ड्रमर मिळत नाही म्हणून. नाशिकमध्ये जो बरा ड्रमर तयार होतो तो पुण्याला नाहीतर मुंबईला जातो, जो राहतो तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असतो आणि त्याला एका मिनिटाला १८० बीट्सवर ब्लास्टबीट, म्हणजे ड्रम्सचा अखंड फास्ट मारा, वाजव म्हटलं की तो पैसे किती असं विचारतो, जे रास्तच आहे. पण नंतर ड्रमर मिळाला असता तरी नको होता. चार जण बसले की चार जणांना चालेल असं काहीतरी निघतं, कोणीतरी म्हणतंच की इथे जरा ब्रेक टाकू, लोक बोअर होतील. ब्लॅक मेटलमध्ये एकच रिफ, म्हणजे गिटारचा तोच छोटा तुकडा, चार-चार मिनिटं फिरवायची सोय पाहिजे, ऐकणारा बोअर होऊन, मग वैतागून, मग त्याच्याही पलीकडे जाऊन त्या आवाजात बुडाला पाहिजे, आणि हे मतदानाने ठरत नाही.

गिटारबद्दल जरा बोलतो कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. ट्रेमोलो पिकिंग म्हणजे एकाच तारेवर वर-खाली वर-खाली पिक मारत राहायचं, १८०च्या टेम्पोला सेकंदाला १२ स्ट्रोक पडतात. हे कोपरातून केलं की अर्ध्या मिनिटात हात दगड होतो, मनगटातूनच यायला पाहिजे आणि पिक तारेला थोडं तिरकं लागलं पाहिजे, सपाट लागलं की अडकतं. पिक जाड घ्यायचं, पातळ पिक वाकतं आणि परत यायला वेळ खातं. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा तो फाटका आवाज, लोक खूप लावतात, मी उलट गेन (त्याचं प्रमाण) बराच खाली आणला, कारण इतक्या फास्ट वाजवताना गेन जास्त असेल तर सगळ्याचा नुसता लगदा होतो आणि कॉर्डमधला तो एक कोमल सूर, ज्याच्यासाठी एवढी मारामारी, तो ऐकूच येत नाही. ट्रेबल वर, खालचा बास जवळजवळ कापून टाकलेला, तीच रिफ दोनदा वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे. कॉपी-पेस्ट नाही करायचं. दोन वेळा वाजवताना जो बारीक फरक पडतो त्यानेच तो आवाज रुंद होतो.

लो-फाय, म्हणजे मुद्दाम खरखरीत ठेवलेलं रेकॉर्डिंग, हे स्वस्तातलं काम असा एक गैरसमज आहे. बर्झम हा नॉर्वेच्या विकर्नेसचा एकट्याचाच प्रोजेक्ट, १९९३मध्ये रेकॉर्ड झालेल्या त्याच्या अल्बमसाठी त्याने स्टुडिओवाल्याकडे सगळ्यात वाईट माइक मागितला आणि एका हेडसेटमध्ये गायला, ही गोष्ट या वर्तुळात सगळ्यांना पाठ आहे. वाईट आवाज निवडलेला असतो. चकचकीत प्रॉडक्शन ऐकणाऱ्याला म्हणतं या बसा, खास तुमच्यासाठी केलंय. हा आवाज तसं काहीच म्हणत नाही.

ड्रम्सचं गाडं मात्र बरेच दिवस अडलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठोक्याला १२७पर्यंत जोर देता येतो आणि सगळे ठोके एकाच जोराने, अगदी ग्रिडवर ठेवले की शिलाई मशीन चालू आहे असं वाटतं. ते सुटलं ढोलामुळे. गणपतीच्या आधी आमच्याकडे मागच्या ग्राउंडवर पथकाची प्रॅक्टिस असते (माझ्या आवाजाची तक्रार करणाऱ्या शेजारच्या काकूंना तिची कधी तक्रार नसते, असो), तर एका संध्याकाळी गॅलरीत उभा राहून ऐकताना लक्षात आलं की तीस-चाळीस ढोलांपैकी दोन ढोल सुद्धा एका क्षणी पडत नाहीत, एका पानावर टिपरू, दुसऱ्यावर हाताची थाप, प्रत्येकाचा हात केसभर मागेपुढे, आणि त्या मागेपुढेमधूनच तो अंगावर येणारा धुमधुम तयार होतो. त्या रात्री किकचे (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) तीन थर केले, एकमेकांपासून दहा-बारा मिलिसेकंद सरकवून, स्नेअरचा डाव्या हाताचा ठोका उजव्यापेक्षा थोडा हलका. लगेच जिवंत वाटायला लागलं. बाहेरच्या लोकांना कळणार पण नाही की त्यात नाशिक ढोल आहे.

आता तत्त्वज्ञान. ब्लॅक मेटल करायचं म्हटलं की सैतान, उलटा क्रॉस, बर्फ, पाइनची जंगलं हे सगळं तयार मिळतं, आणि त्यातलं इथे काहीच लागू होत नाही. नॉर्वेच्या पोरांनी चर्चच्या विरोधात आरडाओरड केली, १९९२मध्ये बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं, नंतर अजून काही जळली. त्यांच्याकडे चर्च हे सरकारी खातंच होतं, विरोध करायला एक ठरलेली भिंत होती. माझ्याकडे काय आहे? गंगेवर (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) गेलो तर नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा टांगलीये ती वसईच्या पोर्तुगीजांकडून आलेली, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या विजयाची. म्हणजे चर्चच्या घंटेचं काय करायचं हे आमच्याकडे अडीचशे वर्षं आधी ठरून गेलं, तिला देवळात लावून टाकली आणि पूर आला की पाणी घंटेपर्यंत जातं का ते बघायला लोक जमतात.

आणि धक्का तरी कोणाला देणार? तोंडाला पांढरं-काळं फासून फोटो काढायचा ही या म्युझिकची जुनी रीत आहे, मेलेल्या माणसासारखं दिसायचं. २०१५च्या सिंहस्थात त्र्यंबकला अंगभर राख फासलेले नागा साधू चहा पित बसलेले मी पाहिलेत. शंकरच स्मशानात राहतो. रामकुंडावर रोज सकाळी अस्थी येतात, पिंड ठेवून कावळ्याची वाट बघणारी कुटुंबं बाजूला आणि त्यांच्याच पलीकडे भेळवाला. इथे कवटी दाखवून कोण दचकणार? देव नाही म्हटलं तरी आमच्याकडे चार्वाकाला परंपरेतच खुर्ची आहे. तर धक्का वजा केला, सैतान वजा केला, बर्फ तर नव्हताच, मग उरतं काय, हा प्रश्न मला रिफपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटायला लागला.

काही जण म्हणतील नकार उरतो. पण नकाराच्या बाबतीत सुद्धा नॉर्वेकडे बघायची गरज नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, आमच्या घरापासून गाडीवर पंधरा-वीस मिनिटांवर, आणि तो काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात, म्हणजे याच जिल्ह्यात, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. याला म्हणतात नकार, ज्याची किंमत होती, ज्याच्या मागे माणसं होती. त्याच्यापुढे विशीतल्या पोरांनी काडेपेटी घेऊन रात्री केलेले उद्योग मला बालिश वाटतात, स्पष्टच बोलतो. हा विषय मी गाण्यात आणला नाही, आणणार पण नाही, तो माझा नाही आणि मला तो सजावटीसाठी वापरायचा नाही. पण माझं माप तिथून ठरलं.

मग हातात लागला पीटर वेसेल झापफे. हा पण नॉर्वेचाच, पण तत्त्वज्ञ, आणि भारी गिर्यारोहक. १९३३च्या एका निबंधात तो म्हणतो की माणसाची जाणीव गरजेपेक्षा जास्त वाढलीये, त्या नामशेष झालेल्या हरणाची शिंगं डोक्याला पेलवेनात इतकी वाढली होती तशी, आणि आपण मरणार हे सतत माहीत असताना जगता यावं म्हणून माणूस चार गोष्टी करतो. एक, तो विषयच काढायचा नाही. हे वाचलं आणि आमचं घर आठवलं, शुभ बोल नाऱ्या! आजारपणाचं नाव घ्यायचं नाही, इन्शुरन्सवाला आला तरी आई म्हणते अशुभ बोलू नका. दोन, कशाला तरी घट्ट धरायचं, देव, घर, नोकरी, फ्लॅटचा हप्ता. तीन, लक्ष दुसरीकडे, त्याच्यासाठी आता खिशातच मशीन आहे. आणि चार, त्या भीतीचंच काहीतरी घडवायचं, लिहायचं, वाजवायचं. झापफे स्वतःच सांगतो की त्याचा तो निबंध पण या चौथ्यातच मोडतो. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला, कारण म्हणजे माझा प्रोजेक्ट काही सत्य-बित्य सांगत नाही, तो पण एक पळवाट आहे, फक्त ज्याच्यापासून पळायचं त्याच्याकडे तोंड करून.

पण एका ठिकाणी माझं त्या सगळ्या नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांशी पटत नाही. त्यांच्या एकटेपणात 'मी' फार मोठा आहे. मी वेगळा, मी लांडगा, तुम्ही मेंढरं. असं म्हणत म्हणत काही जण कुठे पोचले ते माहीतच आहे, बर्झमच्या विकर्नेसने १९९३मध्ये मेहेम बँडच्या युरोनिमसला भोसकून मारलं, २१ वर्षांची शिक्षा झाली, आणि रक्त-वंशाची बडबड तर तो अजून करतो. या म्युझिकचा एक कोपरा सरळसरळ नाझीवाद्यांचा आहे. आणि आपल्याकडे कोणी 'प्राचीन गौरव' वगैरे म्हणत गिटार उचलली की मला तोच वास येतो, त्यामुळे तलवारी, भगवे, किल्ल्यांवरचे पोझ हे सगळं मी पहिल्या दिवसापासून बाद ठरवलं. कोलकात्याचा हीदन बीस्ट म्हणून एक बँड आहे, ते हाच आवाज घेऊन धार्मिक राजकारणावर तुटून पडतात, ते धाडस माझ्यात नाही पण बाजू कुठली ते कळतं.

तर माझा नियम उलटा झाला. सगळं एकट्याने करायचं, पण गाण्यात 'मी' येऊ द्यायचा नाही. शब्दात नाही, फोटोत नाही, नावात नाही. हे नाव न देण्याचं दुसरं कारण. आजूबाजूला जो तो स्वतःचं तोंड कॅमेऱ्याला लावून बसलाय, जेवताना, जिममध्ये, आजोबांच्या दहाव्याला सुद्धा, तिथे एखादी गोष्ट करून तिच्यावरून स्वतःला पुसून टाकणं एवढाच नकार माझ्या आवाक्यातला आहे.

लिहायचं मग कशावर? दगड आणि पाणी. ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, हा सगळा दख्खनचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. अंजनेरीला पावसात गेलो की ढगात समोरचा दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही आणि कड्यावरून पाणी पडल्याचा नुसता आवाज येतो, कुठून ते कळत नाही. नॉर्वेवाल्यांचा बर्फ त्यांना लखलाभ. एक गाणं नुसतं थरांबद्दल आहे, त्यात माणूस एका ओळीत येतो आणि जातो. एक गोदावरीच्या पुरावर आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अख्खं शहर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघत असतं, कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि त्याच नदीच्या पात्रात कुंभमेळ्याच्या नावाखाली काँक्रीट ओतलेलं, मग ते काढा म्हणून कोर्टबाजी. नदीला याच्यातलं काहीही माहीत नाही. मला त्या माहीत नसण्यावर गाणं करायचं होतं. पुराचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला, वाऱ्याने निम्मा फाटलेला, तसाच वापरला, त्यात लांबून कोणीतरी "ए मागं सर ना" म्हणतंय ते पण राहू दिलं.

आवाज रेकॉर्ड करणं हा वेगळाच तमाशा. घरात शक्य नाही. बंद गाडी हा गरिबाचा स्टुडिओ, सीटचं कापड, छताचं फोम सगळा आवाज पिऊन टाकतं, घुमत काहीच नाही. तर पप्पांची जुनी वॅगनआर, लॅपटॉप, एक माइक, आणि गिरणारे रोडला आत द्राक्षबागांच्या कडेला एक कच्चा रस्ता. किंचाळायचं ते घशाने नाही, पोटातून हवा ढकलायची आणि स्वरयंत्राच्या वरचा भाग थरथरवायचा, दुखलं की चुकतंय असं समजून तिथेच थांबायचं. कोमट पाणी जवळ, दोन टेकनंतर ब्रेक. मराठीत किंचाळायला सोपं आहे असं माझं ठाम मत झालंय, ख, घ, ह असले की हवा आपोआप सुटते आणि 'आ'वर संपणारे शब्द कितीही ताणा. 'ळ' मात्र पार मरतो. काही ओळी केवळ त्या 'ळ'पायी बदलल्या.

तर असंच एकदा संध्याकाळी, काचा बंद, डोळे बंद, सगळा जोर लावून चालू असताना काचेवर टकटक. बाहेर एक शेतकरी काका, हातात बॅटरी, तोंड पडलेलं.

"काय झालं दादा? साप-बिप चावला का?"

"नाही नाही काका. गाणं म्हणतोय."

काकांनी बॅटरी गाडीत फिरवली. माइक बघितला, लॅपटॉप बघितला, मागची सीट पण बघून घेतली, कोणी बांधून-बिंधून ठेवलंय का.

"गाणं व्हय. बरं. मंग काच तरी खाली घे थोडी, जीव गुदमरंल."

आणि गेले. तो टेक वापरलाय मी, टकटक येते तिथे कापलाय फक्त.

बहिणीला पहिला मिक्स ऐकवला, घरात तिलाच माहीत आहे. तिने हेडफोन काढून विचारलं, "दादा, लिरिक्स मराठीत आहेत म्हणालास ना? मग मराठी कुठेय यात?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. शब्द कळले नाही पाहिजेत पण असले पाहिजेत, असं मला वाटतं, देवळात पुटपुटलेल्या मंत्राचं कोण अर्थ लावत बसतं. ती म्हणाली सोयीचं आहे तुझं.

मिक्सिंगबद्दल फार सांगत नाही, कंटाळवाणं काम आहे. आवाज गिटारच्या मागे ढकलला, रिव्हर्ब (घुमणं) भरपूर, मास्टर करताना लाउडनेसच्या मागे लागलो नाही. मग अल्बम बँडकॅम्पवर, म्हणजे बँडना स्वतःचं म्युझिक विकता येतं त्या साइटवर, टाकला. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के कापतात, पेमेंट पेपालमधून येतं, आणि पैसे म्हणाल तर गिटारच्या तारा सुटल्या इतके. लोकांनी ऐकला, बहुतेक बाहेरचे. नाशिकमधला एक पण नसावा, आणि असला तर त्याला माहीत नाही की तो माझ्या मागे बसमध्ये उभा असेल. लाइव्ह करणार का असं एका मुंबईच्या पोराने विचारलं होतं. नाही. स्टेजवर उभं राहिलं की परत 'मी' आला.

कॅसेट मात्र काढल्या, कारण या म्युझिकला कॅसेट शोभते आणि मला हाताने काहीतरी करायचं होतं. नवीन कोऱ्या कॅसेट महाग पडतात म्हणून भंगारातून भजन-कीर्तनाच्या जुन्या घेतल्या. रेकॉर्ड होऊ नये म्हणून मागे ज्या दोन खाचा तोडलेल्या असतात त्यांच्यावर सेलोटेप लावली की त्यावर परत रेकॉर्ड करता येतं. प्रत्येक कॉपी पूर्ण लांबीने वाजवूनच बनते, त्यात घाई नाही, डेकसमोर जेवायचं, झोपायचं. एका बाजूला ३० मिनिटं, माझी बाजू २२ मिनिटांची. उरलेल्या आठ मिनिटांत जुनं जे होतं ते पुसायचं का यावर विचार केला आणि नाही पुसलं. म्हणजे पूर, किंचाळणं, सगळं थांबतं, एक खट्ट आवाज होतो आणि मधूनच टाळ-मृदंग सुरू होतो, कोणीतरी बुवा मनापासून गातायत, मग बाजू संपते. प्रत्येक कॅसेटवर वेगळे बुवा.

पोलंडच्या एकाने घेतली त्यातली एक. महिनाभराने त्याचा मेसेज आला की अल्बम आवडला, पण शेवटचा ट्रॅक सगळ्यात जबरदस्त आहे, तो बँडकॅम्पवर का नाही, आणि त्या गायकाचं अजून काही मिळेल का. बुवांचं नाव लेबल फाटल्यामुळे गेलंय, त्यामुळे आता मी भंगारवाल्याकडे तीच कॅसेट परत मिळते का ते बघतोय.